पारदर्शक पेनाच्या पोटात

पारदर्शक नळीचे शाईचे पेन प्रथम तयार झाले ते विक्रेत्यांच्या सोयीसाठी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत अमेरिकेतील व युरोपातील पेन कंपन्या आपल्या फिरत्या विक्रेत्यांना अशी मोजकी पेने देत. आतली रबरी पिशवी किंवा दट्ट्या कसा चालतो, शाई वर कशी ओढली जाते, हे दुकानदाराला दाखवायचे एवढेच या पेनांचे काम होते. इंग्रजीत त्यांना 'डेमॉन्स्ट्रेटर' असे नाव पडले. आज संग्राहक कोणत्याही पारदर्शक पेनाला हाच शब्द लावतात आणि त्यासाठी बरीच किंमतही मोजतात.

आपल्याकडे पारदर्शक पेन आले ते शाळेच्या दप्तरात. ठाणे, कल्याण, डोंबिवली या गावांत ज्यांचे शिक्षण झाले आणि ज्यांनी आता पन्नाशी ओलांडली आहे, त्यांना ते पेन आठवत असेल. वरचा भाग रंगीत, नळी काचेसारखी, निब पोलादी. शाई भरायची ती ड्रॉपरने, थेट नळीत. परीक्षेला निघताना नळी उजेडाकडे धरून शाई किती आहे ते बघायचे, ही अनेकांची सवय होती.

असे एक पेन आम्हाला कल्याणमधील एका जुन्या स्टेशनरीच्या दुकानात मिळाले. लोकांनी दुरुस्तीला टाकलेली आणि परत न नेलेली पेने दुकानदारांनी बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवली होती. त्यातले हे एक. क्लिप तुटलेली, निर्मात्याचे नाव कोठेही नाही, नळीच्या आत निळा-काळा थर घट्ट बसलेला. नळीच्या बाहेरच्या अंगावर कोणीतरी सुईने किंवा कर्कटकाच्या टोकाने '७ ब' असे कोरले होते. पेन १५० रुपयांना घेतले आणि तीन प्रश्न समोर आले. हे पेन कशाचे बनले आहे? ते केव्हाचे असावे? आणि ते धुवावे कसे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यावर अवलंबून आहे, आणि घाईने धुतले तर दुसऱ्याचा पुरावाच वाहून जातो. म्हणून या तिन्ही प्रश्नांचा विचार एकत्र करायला हवा.

शाई पडत का नाही?

टाक आणि दौत यांच्या काळात शाई बाहेर असे. शाई पेनातच साठवावी ही कल्पना जुनी आहे. पॅरिसमध्ये शिकणाऱ्या पेत्राके पोएनारू या रोमानियन तरुणाने २५ मे १८२७ रोजी अशा पेनाचे फ्रेंच पेटंट मिळवले. पण साठवणे सोपे होते, सोडणे कठीण. शाई एकतर येत नसे, नाहीतर भळकन येत असे.

हा प्रश्न व्यवहारात सुटला तो न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमन यांच्या १८८४ सालच्या पेटंटने. विम्याच्या महत्त्वाच्या कागदावर शाई सांडल्यामुळे त्यांनी नवे पेन शोधले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. तिला त्या काळातला पुरावा मात्र मिळत नाही. पेटंटमधली कल्पना खरोखर महत्त्वाची आहे. निबेखाली एक पट्टी असते. कारागीर तिला 'फीड' म्हणतात. तिच्यात बारीक खाचा असतात. खाचांतून शाई निबेकडे येते आणि त्याच मार्गाने हवा नळीत जाते. जेवढी शाई बाहेर तेवढीच हवा आत. हवा आत गेली नाही तर नळीतला दाब कमी होऊन शाई थांबते.

निब खाली धरली तरी शाई का पडत नाही, याचे उत्तर केशाकर्षणात आहे. निबेच्या मधली चीर सुमारे ०.१ मिलिमीटर रुंद धरू. शाईचे पृष्ठताण मीटरला ०.०५ न्यूटन घेतले, तर इतक्या अरुंद फटीत शाई जवळजवळ १० सेंटिमीटर उंच चढू शकते. म्हणजे तेवढ्या उंचीचा स्तंभ ती फट धरूनही ठेवू शकते. पेनाच्या नळीतला शाईचा स्तंभ याहून लहान असतो. कागदाला टोक लागले की कागदाच्या तंतूंमधल्या त्याहूनही बारीक फटी शाई ओढून घेतात. लिहिणे म्हणजे दोन केशाकर्षणांमधली ही रस्सीखेच.

पारदर्शक पेनात हे सारे दिसते. नळीत शाई भरा, सावकाश दोन-तीन ओळी लिहा आणि भिंगातून फीडच्या वरच्या टोकाकडे पाहा. हवेचा एक लहानसा बुडबुडा सुटून वर जाताना दिसेल. फळ्यावर दहा आकृत्या काढून जे समजावता येणार नाही ते येथे एका बुडबुड्यात समजते.

पेन गळते केव्हा?

ड्रॉपरने भरायच्या पेनाची एक खोड सर्वांना माहीत होती. शाई संपत आली की ते गळू लागे. मुले म्हणत, पेन जुने झाले. खरे कारण नळीतल्या हवेत आहे.

समजा, नळीत २ मिलिलिटर जागा आहे. तिच्यात अर्धा मिलिलिटर शाई व दीड मिलिलिटर हवा आहे. खोलीचे तापमान २७ अंश सेल्सिअस आहे आणि हाताच्या किंवा खिशाच्या उबेने पेन ३४ अंशांपर्यंत तापले. निरपेक्ष मापाने ३०० अंशांचे ३०७ अंश झाले. केवळ त्यामुळे हवा सुमारे २.३ टक्के फुगते. पण नळीत शाईतले पाणीही आहे आणि तापमान वाढले की बाष्पाचा दाबही वाढतो. दोन्ही मिळून वाढ सुमारे ४ टक्के होते. दीड मिलिलिटरच्या ४ टक्के म्हणजे ०.०६ मिलिलिटर. एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो. म्हणजे एकाहून थोडी अधिक थेंबभर शाई बाहेर ढकलली जाणार!

नळी जवळजवळ भरलेली असेल तर आत हवा फक्त ०.२ मिलिलिटर. तिची वाढ ०.००८ मिलिलिटर, म्हणजे थेंबाचा सहावा भाग. तेवढी शाई फीडच्या खाचा सहज धरून ठेवतात. म्हणून भरलेले पेन गळत नाही, अर्धे रिकामे गळते.

याच हिशोबाने घाटातला अनुभवही उलगडतो. कल्याण समुद्रसपाटीजवळ आहे, लोणावळा सुमारे ६२० मीटर उंचीवर. तेथे हवेचा दाब साधारण ७ टक्क्यांनी कमी असतो. कल्याणला अर्धे भरलेले पेन निब खाली करून खिशात ठेवले आणि पुण्याची गाडी बोरघाट चढली, तर आतली हवा सुमारे ८ टक्के फुगेल. शाई बाहेर येईल ती सुमारे दीड थेंब. साध्या पेनाच्या फीडमध्ये एवढी शाई सामावणे कठीण. निब वर करून ठेवली तर मात्र शाईऐवजी हवाच बाहेर पडते आणि सदरा वाचतो.

पारदर्शक नळीचा खरा व्यावहारिक उपयोग येथे होता. शाई तिसऱ्या हिश्श्यावर आली हे बाहेरून दिसे आणि पेन गळण्याआधी भरता येई.

इबोनाइटपासून पॉलिस्टायरीनपर्यंत

जुनी पेने काळी असत, कारण ती इबोनाइटची असत. रबरात भरपूर गंधक घालून तापवले की हा कठीण पदार्थ तयार होतो. त्याचे अमेरिकन पेटंट नेल्सन गुडइयर यांना १८५१ मध्ये मिळाले. शाईतल्या आम्लाचा इबोनाइटवर परिणाम होत नाही, कातकामात ते उत्तम चालते आणि शाईने चांगले भिजते. म्हणून फीड आजही काही ठिकाणी इबोनाइटची करतात. पण ते अपारदर्शक आहे.

मग सेल्युलॉइड आले. त्याच्या रंगीबेरंगी कांड्या मिळत आणि त्यात पारदर्शक पट्टे ठेवता येत. १९२९ मध्ये जर्मनीच्या पेलिकन कंपनीने दट्ट्याचे पेन बाजारात आणले. त्यात शाई दिसावी म्हणून पारदर्शक भाग होता. १९३३ मध्ये पार्करच्या 'व्हॅक्युमॅटिक' पेनात रंगीत आणि पारदर्शक कड्यांची नळी आली. शाई दिसते, हा गुण आता जाहिरातीत मिरवू लागला. त्याच दशकात अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिस्टायरीन ही काचेसारखी दोन प्लॅस्टिके बाजारात आली. १९४१ च्या 'पार्कर ५१' ची नळी अ‍ॅक्रिलिकची होती, कारण तिच्यासाठी केलेली झटपट वाळणारी शाई तीव्र अल्कधर्मी होती आणि ती सेल्युलॉइडला मानवत नसे. पेनाचा पदार्थ आणि शाई यांचे असे नाते असते. धुण्याच्या वेळी हे लक्षात ठेवावे लागेल.

भारतात शाई आणि पेन या दोन्ही वस्तू स्वदेशीच्या चळवळीशी जोडलेल्या आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाराणसीचे डॉ. राधिकानाथ साहा यांनी 'लक्ष्मी' नावाचे पेन तयार केले. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी १९३२ च्या सुमारास हाताने पेने घडवायला सुरुवात केली आणि १९३५ मध्ये गांधीजींनी त्यांच्या पेनाला पत्राने पावती दिली. बंगालमध्ये १९३४ साली 'सुलेखा' शाई आली. मुंबईत त्याआधी, १९३१ मध्ये, दि. प. दांडेकर आणि त्यांचे बंधू गो. प. दांडेकर यांनी शाईची पूड आणि गोळ्या बनवायला सुरुवात केली होती. त्यांचा छाप 'घोडा' होता. पुढे त्यांचीच 'कॅमल' शाई घराघरांत गेली आणि कंपनी 'कॅमलिन' या नावाने ओळखली जाऊ लागली. २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने तिच्यातला मोठा हिस्सा घेतला.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मालाच्या आयातीवर कडक बंधने आली. परदेशी पेन म्हणजे कोणी पाहुण्याने आणलेली भेट. शाळकरी मुलांसाठी येथेच पेने व्हायला हवी होती आणि ती स्वस्त हवी होती. ड्रॉपरने भरायच्या पेनात पंप नाही, दट्ट्या नाही आणि आपल्या दमट हवेत कुजणारी रबरी पिशवीही नाही. नळी, फीड, निब आणि टोपण एवढ्या चार गोष्टी पुरतात. असे पेन लहान कारखान्यात होऊ शकते. मुंबईच्या एअरमेल कंपनीचे 'वॉलिटी ६९ टी' हे पारदर्शक नळीचे ड्रॉपर पेन याच घराण्यातले. पुढे परदेशी संग्राहकांनाही त्याची गोडी लागली.

आता प्लॅस्टिकचा भाग. भारतात पॉलिस्टायरीनचे उत्पादन १९५७ मध्ये सुरू झाले. येथील प्लॅस्टिक कच्च्या मालाच्या उद्योगाची सुरुवात त्याच वर्षापासून मोजतात. एक दशकानंतर, १९६८ च्या सुमारास, ठाणे-बेलापूर पट्ट्यात नॅप्थ्यापासून रसायने काढणारा नोसिलचा कारखाना आणि त्याच्या शेजारी पॉलिथिनचा कारखाना चालू झाला. कल्याणला इंडियन डायस्टफ इंडस्ट्रीज आणि ठाण्यात कलर-केम या कंपन्या रंगद्रव्ये बनवीत. ती मुख्यतः कापडासाठी आणि छपाईसाठी होती, पण शाईतले रंग याच रसायनशास्त्राचे. प्लॅस्टिक, रंग, साचे करणारे कारागीर आणि लोकलने जोडलेली बाजारपेठ हे सारे एका पट्ट्यात होते. दहा-वीस रुपयांत मिळणाऱ्या शाळकरी पेनामागे एवढी मोठी औद्योगिक उभारणी होती.

पेन कशाचे आहे?

पेनावर निर्मात्याचे नाव नसले तरी पदार्थ ओळखता येतो. त्यासाठी जाळून पाहण्याची गरज नाही. मिठाचे पाणी पुरते.

पॉलिस्टायरीनची घनता १.०५ आहे, अ‍ॅक्रिलिकची १.१८ ते १.१९, पॉलिकार्बोनेटची १.२०, सेल्युलोज अ‍ॅसिटेटची १.३ च्या आसपास. ही आकडेवारी घन सेंटिमीटरला ग्रॅममध्ये आहे. साध्या पाण्यात हे चारही पदार्थ बुडतात. १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम मीठ घातले की द्रावणाची घनता सुमारे १.०६ होते. त्यात पॉलिस्टायरीन तरंगते, बाकीचे बुडतात. ३६ ग्रॅम मीठ विरघळवले की संपृक्त द्रावणाची घनता १.२० होते. आता अ‍ॅक्रिलिकही हळूच वर येते, पॉलिकार्बोनेट मध्येच रेंगाळते आणि अ‍ॅसिटेट तळाशीच राहते.

निब, फीड, क्लिप, असा प्रत्येक सुटा भाग काढून केवळ नळी वापरायची. ती आडवी बुडवून आतले बुडबुडे झटकून टाकायचे, नाहीतर उत्तर चुकीचे येते. प्रयोग झाल्यावर साध्या पाण्यात नळी चांगली धुवायची.

आमच्या पेनाची नळी साध्या पाण्यात बुडाली आणि १० ग्रॅम मिठाच्या द्रावणात तरंगली. म्हणजे पॉलिस्टायरीन. यावरून ते १९५७ नंतरचे आहे असे म्हणता येईल का? नाही. पॉलिस्टायरीन परदेशातून त्याआधीही येऊ शकत होते. एवढेच म्हणता येते की ते १९३० च्या दशकाआधीचे असू शकत नाही आणि १९५७ नंतरचे असण्याचा संभव पुष्कळ अधिक आहे. 'असू शकत नाही' आणि 'असण्याचा संभव अधिक' यांतला फरक इतिहासात फार मोलाचा आहे. विद्यार्थ्यांना तो शिलालेखांपेक्षा अशा हातातल्या वस्तूवरून लवकर कळतो.

थर धुण्यापूर्वी

नळीतला वाळलेला थर हाही पुरावा आहे. धुण्याआधी त्याचा मोहरीएवढा कण टाचणीने सोडवून थेंबभर पाण्यात कालवला. एक थेंब गाळणकागदाच्या पट्टीवर ठेवून पट्टीचे टोक पाण्यात बुडवले. निळा रंग पाण्याबरोबर वर चढला आणि मूळ जागी एक करडा डाग राहिला. दुसरा थेंब साध्या कागदावर वाळवून त्यावर घरगुती ब्लीचचा थेंब टाकला. निळा रंग गेला आणि गंजासारखा तपकिरी डाग उरला. म्हणजे शाईत लोह होते.

ही जुनी 'पर्मनंट ब्लू-ब्लॅक' जातीची शाई. हिरडा किंवा मायफळासारख्या पदार्थांतले टॅनिन आणि हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, यांपासून ती होते. भरताना ती जवळजवळ रंगहीन असते, म्हणून लिहिताना दिसावी यासाठी तिच्यात निळा रंग घालतात. कागदावर हवेतल्या ऑक्सिजनने लोहाचे ऑक्सिडीकरण होते आणि फेरिक टॅनेटचा काळा, न विरघळणारा कण तयार होतो. कागदावर हे हवेच असते. पेनाच्या नळीत तेच झाले तर पेन तुंबते.

सातवीतल्या मुलाच्या पेनात अशी पक्की शाई कशी आली? घरातल्या मोठ्या माणसाची दौत असेल, किंवा पेन नंतर दुसऱ्याच कोणाकडे गेले असेल. कोरलेली अक्षरे आणि शाई यांचा काळ एकच आहे असे आपण गृहीत धरू शकत नाही.

धुण्याची रीत

आता प्रत्यक्ष धुणे. या कामी स्पिरिट, अ‍ॅसिटोन, थिनर, नेलपॉलिश काढायचे द्रव यांना हातही लावू नये. अ‍ॅसिटोन आणि थिनर पॉलिस्टायरीनला विरघळवतातच. पण ज्यात ते विरघळत नाही असे स्पिरिटही धोक्याचे आहे. साच्यात दाबून थंड केलेल्या नळीत ताण गोठून राहिलेला असतो. विशेषतः आट्यांच्या जागी. स्पिरिटचे रेणू तेथे शिरले की साखळ्या एकमेकींवरून सरकतात, ताण सुटू लागतो आणि केसासारख्या असंख्य चिरा पडतात. नळी धुरकट होते. ही हानी परत भरून येत नाही. साठवलेली कितीतरी जुनी पेने वापराने नव्हे, अशा 'स्वच्छते'ने गेली आहेत.

आम्ही वापरलेला क्रम असा.

पहिली पायरी साधे पाणी. खोलीच्या तापमानाच्या पाण्यात पेन रात्रभर बुडवून ठेवावे. गरम पाणी नको. ४० अंशांच्या वर कधीच नको. वाळलेल्या शाईने अडकलेल्या आट्या पाण्यानेच सैल होतात. पक्कड लावू नये. रबराचा तुकडा दोन्ही हातांत धरून अलगद फिरवावे. नाही सुटले तर पुन्हा भिजवावे. येथे घाई करणाऱ्याची नळी फुटते.

दुसरी पायरी भांडी धुण्याच्या द्रवसाबणाचा एक थेंब पेलाभर पाण्यात. नळीच्या आत मऊ कापसाची काडी फिरवावी. टूथपेस्ट आणि घासायची पूड टाळावी, त्यांनी ओरखडे उठतात.

तिसरी पायरी अमोनिया. घरगुती अमोनियाचा एक भाग दहा भाग पाण्यात मिसळून दहा-पंधरा मिनिटे. रंगद्रव्यांचे चिवट डाग बरेचसे यात सुटतात. पितळी भाग यात ठेवू नयेत. खिडकी उघडी ठेवावी. ब्लीच आणि अमोनिया कधीही एकत्र येऊ देऊ नयेत, त्यांतून विषारी क्लोरॅमाइन वायू निघतो. हे काम विद्यार्थ्यांकडून करून घेऊ नये, शिक्षकांनी स्वतः करावे.

चौथी पायरी लोहाच्या थरासाठी. अमोनियाने तो जात नाही. येथे क जीवनसत्त्व, म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, कामाला येते. ते फेरिक लोहाचे फेरस लोह करते. कागदावर जी क्रिया घडायला हवी होती तिच्या बरोबर उलट क्रिया नळीत घडते आणि काळा थर विरघळू लागतो. १०० मिलिलिटर पाण्यात एक ग्रॅम शुद्ध पूड पुरे. औषधाच्या गोळीत साखर आणि रंग असतो, म्हणून ती नको. पोलादी निब या द्रावणात दहा मिनिटांहून जास्त ठेवू नये. दोन पायऱ्यांच्या मध्ये भरपूर पाण्याने धुवावे. एका पायरीचे रसायन दुसरीत जाता कामा नये.

शेवटी वाळवणे. निबेच्या टोकाला टीपकागद लावून ठेवला की तोच केशाकर्षणाने फीडमधले पाणी ओढून घेतो. उन्हात ठेवू नये. जोडताना आट्यांवर सिलिकोन ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. व्हॅसलीन लावण्याची रीत आहे, पण खनिज तेलांमुळेही पॉलिस्टायरीन तडकू शकते.

आमच्या नळीतला काळा थर चौथ्या पायरीत गेला. आट्यांजवळ एक निळसर छटा मात्र राहिली. रंगाचे रेणू प्लॅस्टिकच्या आत मुरले की ते धुता येत नाहीत. नळीचा किंचित पिवळेपणाही राहिला. तो मळ नाही, प्रकाश आणि ऑक्सिजन यांनी प्लॅस्टिकच्या रेणूंतच झालेला बदल आहे. पॉलिश करून नळी आणखी चकचकीत करता आली असती, आणि विकायची असती तर तिची किंमतही वाढली असती. पण मग '७ ब' ही अक्षरे गेली असती. हे पेन शाळेतल्या कोणाचे तरी होते, एवढे सांगणारा तोच एक पुरावा आहे. म्हणून पॉलिश केले नाही.

पेन गेले कोठे?

पारदर्शक पॉलिस्टायरीनचे सर्वांत यशस्वी पेन शाईचे नव्हेच. डिसेंबर १९५० मध्ये फ्रान्समध्ये मार्सेल बिक यांनी 'बिक क्रिस्टल' हे बॉलपेन आणले. षटकोनी, पारदर्शक, आत शाईची नळी दिसणारे. बॉलपेनाची कल्पना लास्लो बिरो यांनी १९३८ पासून विकसित केली होती. १९४५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तसे पेन साडेबारा डॉलरना विकले जात होते. बिक यांनी ते इतके स्वस्त केले की संपल्यावर टाकून देता येई. आपल्या शाळांतही बॉलपेन आले, आधी रिफिल बदलायचे, मग संपले की फेकायचे. ड्रॉपरचे पेन, दुरुस्तीचे दुकान आणि नळी उजेडाकडे धरून बघण्याची सवय, तिन्ही हळूहळू मागे पडले. २०१० मध्ये तैवानच्या ट्विस्बी कंपनीने दट्ट्याचे पारदर्शक पेन काढले आणि जगभर अशा पेनांची हौस पुन्हा वाढली. पण ती हौस मोठ्यांची आहे.

धुण्याचे निळे पाणी कोठे गेले, हाही प्रश्न विचारायला हवा. शाईचा एक थेंब लिटरभर पाण्यात टाकला तर तो वीस हजार पटीने विरळ होतो, तरी पांढऱ्या भांड्यात त्याचा रंग स्पष्ट दिसतो. रंगद्रव्यांची ताकद अशी असते. जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडल्याची बातमी झाली, फेब्रुवारी २०२० मध्ये तेथल्या औद्योगिक भागातला एक रस्ता गुलाबी झाला. २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यांत त्याच वसाहतीत रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट होऊन माणसे दगावली. ज्या रसायनशास्त्राने मुलांच्या हातात स्वस्त पेन आणि शाई दिली, त्याची किंमत याच गावांनी मोजली आहे. पेनाचा इतिहास सांगताना हा भाग गाळला तर तो अर्धाच राहतो.

शाळेच्या प्रयोगशाळेत असे एक जुने पेन ठेवावे अशी आमची सूचना आहे. घरोघरी, कपाटांच्या मागे ती अजून पडलेली आहेत. पेनाबरोबर एक कार्ड असावे. त्यावर पेन कोठून आले, मिठाच्या पाण्यात काय दिसले, ब्लीचने काय उरले, कोणत्या पायऱ्यांनी धुतले, काय गेले आणि काय मुद्दाम ठेवले, हे तारखेसह लिहावे. जे अनुमान आहे त्यापुढे 'अनुमान' असे लिहावे. आमच्या कार्डावर शेवटची नोंद अशी आहे: नळी पॉलिस्टायरीन, शाई लोहयुक्त, १९५७ नंतरचे (अनुमान), '७ ब' कोरलेले, पुसलेले नाही.